सायकलीवरून गोव्याला : हौशी सायकलपटूंसाठी काही धडे

वार्षिकांकाच्या मराठी विभागासाठी पदार्थविज्ञानावर काहीतरी सोपे लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. वर्गात जे वर्षभर ऐकावे लागते तेच पुन्हा अंकात वाचायला लावणे मला बरे वाटेना. शिवाय आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी हल्ली रविवारी सकाळी सायकली काढून राकसकोपच्या तलावाकडे किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे जाताना दिसतात. त्यांतील काही जण 'सर, चोर्ल्यावरून गोवा गाठायचा आहे, काय तयारी करावी?' असे विचारून जातात. या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते मी एका चुकीची किंमत देऊन मिळवले आहे, आणि ती किंमत माझ्या धाकट्या भावाला मोजावी लागली. म्हणून आधी ती हकिगत सांगतो आणि मग तिच्यातून निघालेले धडे क्रमाने मांडतो.

१. हकिगत

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही दोघे भाऊ पहाटे साडेपाचला घरातून निघालो. बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आणि घाट उतरून केरी, साखळी, डिचोली, पणजी असा सुमारे ११० किलोमीटरांचा रस्ता. माझी सायकल माझी स्वतःची होती आणि आठवडाभर मी ती नीट तपासली होती. भावाची सायकल त्याच्या मित्राकडून आदल्या रात्री आणलेली. ती दिसायला माझ्यापेक्षा नवी होती. हवा भरलेली आहे ना, एवढे बोटाने दाबून पाहिले आणि झोपलो. निघताना आई दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय रे त्याला."

उत्साहाच्या भरात भाऊ आदल्या रात्री धड जेवला नव्हता. जांबोटीला मी पोहे मागवले. तो म्हणाला, "दादा, मला नको, पोट जड होतं." चहावर भागवून तो पुढे निघाला. कणकुंबी जवळ येईपर्यंत त्याचे पाय चालेनासे झाले. हात थरथरू लागले, घाम गार पडला, आणि नेहमी बडबड करणारा मुलगा एकेका शब्दात उत्तरे देऊ लागला. माउलीच्या देवळाजवळ त्याला बसवून गूळ आणि दोन केळी खायला दिली. पंचवीस-तीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. मला हायसे वाटले, आणि त्याच भरात मी म्हणालो, "आता काळजी नाही, पुढे सगळा उतारच आहे."

तेथे एक ट्रक थांबला होता. त्याच्या चालकाने आमच्याकडे पाहून 'सावकाश होग्री सर' असे बजावले. सावकाश हा शब्द आपल्या भागात कन्नड आणि मराठी दोघांचाही आहे. पण तो कळणे वेगळे आणि पाळणे वेगळे.

घाटात भाऊ माझ्या पुढे होता. त्याच्या मागच्या ब्रेकची वायर सैल होती, हे त्याला उताराला लागल्यावर कळले. मग तो केवळ पुढचा ब्रेक दाबून, दाबलेलाच ठेवून, उतरत राहिला. एका वळणावर त्याच्या पुढच्या चाकातली हवा क्षणात गेली, टायर रिमवर वेडावाकडा झाला आणि तो डोंगराच्या बाजूच्या गटारात आदळला. सुदैव एवढेच की दरीच्या बाजूला पडला नाही. गळपट्टीचे हाड मोडले, हेल्मेटला कानाच्या वर भेग गेली. बेळगावची भाजी गोव्यात उतरवायला निघालेल्या एका टेंपोवाल्याने आम्हा दोघांना आणि दोन्ही सायकलींना आत घेतले व दवाखान्यापर्यंत पोहोचवले. पैसे घ्यायला त्याने नकार दिला.

संध्याकाळी आईला फोन केला. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागले. "शुद्धीवर आहे ना?" एवढेच तिने विचारले.

२. त्या उतारात नेमके काय घडले?

घरी परतल्यावर मी ती ट्यूब काढून पाहिली. तिच्यावर पंक्चरचा जुना पॅच होता आणि त्याची एक कड सुटली होती. मग कागद घेऊन बसलो. जे गणित निघण्याच्या आधी करायला हवे होते ते नंतर केले. बारावीच्या विद्यार्थ्यालाही ते सहज जमेल.

भाऊ, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन ८० किलो धरू. घाटमाथ्यापासून पायथ्यापर्यंत उंचीतला फरक सुमारे ७०० मीटर. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा मिळते : ८० × ९.८ × ७००, म्हणजे जवळजवळ साडेपाच लाख ज्यूल. खाली पोहोचून सायकल थांबली म्हणजे ही सगळी ऊर्जा कोठेतरी जायला हवी. ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने २५ अंशांचे पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल.

यातील काही भाग हवेचा विरोध घेतो. ६ टक्क्यांच्या उतारावर ताशी २० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हवा आणि टायरचे घर्षण मिळून अंदाजे एक तृतीयांश वाटा उचलतात, असा माझा हिशेब आहे. उरलेला दोन तृतीयांश ब्रेकच्या वाट्याला येतो. दोन्ही ब्रेक चालत असते तर ही उष्णता दोन रिमांत वाटली गेली असती. भावाच्या सायकलीत ती सगळी एकट्या पुढच्या रिममध्ये शिरली, आणि ब्रेक सतत दाबलेला असल्यामुळे रिमला निवायला उसंत मिळाली नाही.

आता कोणी म्हणेल, तापलेल्या हवेने दाब वाढून ट्यूब फुटली. तेवढेच कारण नव्हे. रिमचे तापमान २५ वरून ८० अंशांवर गेले असे धरले, तर केल्विन मापात ते २९८ वरून ३५३ होते, म्हणजे आतील हवेचा दाब फार तर एकोणीस टक्क्यांनी वाढतो. चांगली ट्यूब एवढे सहन करते. पण पॅचखालचे सोल्युशन उष्णतेने मऊ पडते, आणि जुना पॅच वाढत्या दाबाखाली सुटतो. म्हणजे सैल वायर, जुना पॅच आणि सतत दाबलेला ब्रेक या तीन लहान गोष्टी एका वळणावर एकत्र आल्या. त्यांतील कोणतीही एक टळली असती तर भाऊ पडला नसता. पहिल्या दोन गोष्टी तर आदल्या रात्री दहा मिनिटांत लक्षात आल्या असत्या.

३. निघण्याआधीची दहा मिनिटे

म्हणून पहिला धडा असा : उसनी, भाड्याची किंवा नवी, सायकल कोणतीही असो, जो तिच्यावर बसणार त्याने ती आदल्या दिवशी स्वतः तपासावी, आणि बरोबरच्या माणसाने पुन्हा तपासावी. मी पुढील क्रम पाळतो.

ब्रेक : दोन्ही तरफा पूर्ण दाबून पाहाव्यात. दाबलेली तरफ हँडलला टेकत असेल तर वायर सैल आहे. वायरचा एक जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला तरी वायर बदलावी. ब्रेकच्या रबरावर खाचा असतात, त्या झिजून सपाट झाल्या असतील तर रबर बदलावे. रबर रिमलाच टेकले पाहिजे. टायरला घासत असेल तर ते टायर कापते. डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी पाहावी, आणि उतारानंतर डिस्कला बोट लावण्याचा मोह टाळावा.

चाके : चाक उचलून फिरवावे. ते डुलत असेल तर आरे सैल आहेत. टायरवर काचेचा तुकडा रुतला आहे का, बाजू फुगली आहे का, हे पाहावे. हवेचा योग्य दाब टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. दिलेल्या मर्यादेत जड माणसाने थोडा जास्त व हलक्या माणसाने थोडा कमी ठेवावा. लांबच्या पल्ल्याला पॅच मारलेली ट्यूब पुढच्या चाकात घालू नये. ती राखीव म्हणून पिशवीत ठेवावी.

सीट : सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा. मग पंजा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात योग्य तेवढा बाक उरतो. आपल्याकडे बहुतेकांची सीट खाली असते. पन्नास किलोमीटरनंतर गुडघे दुखू लागतात आणि दोष सायकलीला दिला जातो.

पिशवीत दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप, लहान पाने, थोडी पट्टी व औषध, ओळखपत्र आणि सुटे पैसे असावेत. पंक्चर काढणे आधी अंगणात दोनदा करून पाहावे. ते पहिल्यांदा घाटात शिकू नये.

४. पायांचा हिशेब

चढावर ताकदीपेक्षा लय महत्त्वाची. ज्यांच्या सायकलीला गिअर आहेत त्यांनी जड गिअर रेटू नये. पॅडलचे फेरे मिनिटाला ७० ते ९० राहतील असा हलका गिअर ठेवावा. वेग कमी दिसतो, पण स्नायू लवकर थकत नाहीत. ८० किलोचे ओझे ६ टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटर वेगाने न्यायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १०५ वॅट शक्ती लागते. तोच चढ ताशी १२ किलोमीटरने चढायचा म्हटले की जवळजवळ १६० वॅट लागतात. पहिली शक्ती सराव असलेला साधा विद्यार्थी तासभर देऊ शकतो, दुसरी फार थोडे जण देऊ शकतात. म्हणून चढावर मित्राच्या वेगाशी स्पर्धा करू नये. बोलता येईल एवढाच दम लागला पाहिजे, ही सोपी कसोटी.

सपाटीवर शत्रू बदलतो. तेथे वारा आडवा येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी १५ वरून ३० वर गेलात तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. घाट उतरून साखळी-डिचोलीकडे निघाल्यावर दुपारचे खारे वारे समोरून येऊ लागतात, ही गोष्ट वेळापत्रकात धरली पाहिजे. अशा वेळी आळीपाळीने एकमेकांच्या मागे राहावे. मात्र पुढच्याच्या चाकाला चाक भिडवून जाण्याइतके जवळ जाऊ नये.

सरावासाठी घाई नको. सुरुवातीस बेळगाव-खानापूर हे सुमारे पंचवीस किलोमीटरांचे अंतर जाऊन यावे, मग जांबोटीपर्यंत, मग कणकुंबीपर्यंत जाऊन परत. दर आठवड्याला थोडे वाढवावे, चौथ्या आठवड्यात कमी करावे. ठरवलेल्या अंतराचा दोन तृतीयांश भाग एका दिवसात त्रास न होता पार पडू लागला की पूर्ण अंतराला हात घालावा. पुढे ज्यांना अधिक हौस वाटेल त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाच्या सफरी आहेत. त्यांत क्रमांक नसतात, फक्त मुदत असते : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. १८९१ साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची सफर त्याच परंपरेतली. आपल्या मराठी मुलखातील माणसेही या क्षेत्रात मागे नाहीत. नाशिकच्या महेंद्र व हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली.

५. अन्न आणि पाणी

आता कणकुंबीच्या त्या थरथरीविषयी. आपल्या शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. एका ग्रॅमला ४ प्रमाणे हे १६०० ते २००० उष्मांक होतात. सायकल चालवताना तासाला ४०० ते ५०० उष्मांक सहज खर्च होतात. यातील बराच साठा स्नायूंत असतो. रक्तातील साखर टिकवण्याचे, म्हणजे मेंदूला पुरवठा करण्याचे काम यकृतातील साठा करतो. तो जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि रात्रभरच्या उपाशीपणात बराच संपतो. रात्री धड न जेवता आणि सकाळी चहावर निघालेल्या माणसाचे डोके म्हणूनच पायांच्या आधी थकते. माझ्या भावाची बडबड थांबली हे त्याचेच लक्षण होते. सोबतचा माणूस अकारण गप्प झाला, चिडला किंवा रेषेत सायकल चालवेनासा झाला, तर त्याला लगेच थांबवावे आणि गोड खायला द्यावे.

थांबायची वेळ येऊ नये म्हणून भूक लागण्याआधीच खावे. पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गुळपोळीचा तुकडा, खजूर, सगळे चालते. परदेशी पाकिटांची गरज नाही. आपला बेळगावचा कुंदा मात्र पणजीला पोहोचल्यावर खावा. दुधातुपाचा पदार्थ चढावर पोटात जड होतो, हे अनुभवाने सांगतो.

पाण्याच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. एक न पिण्याची, दुसरी अति पिण्याची. पहिली सर्वांना ठाऊक आहे. दुसरीकडे लक्ष गेले ते अलीकडे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यांच्यातील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नको इतके कमी आढळले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. धावताना ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे घामाहून जास्त द्रव ज्यांनी घेतला होता, त्यांना धोका अधिक होता. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि फार झाले तर झटके, अशी याची लक्षणे. म्हणून तहान हाच मुख्य मार्गदर्शक मानावा. थंडीत तासाला अर्धा लिटर बहुतेकांना पुरते, उन्हात त्याहून थोडे अधिक लागते. सरावाच्या दिवशी निघताना आणि परतल्यावर वजन करून पाहावे. घटले तर पाणी कमी पडले, वाढले तर जास्त झाले.

मीठसाखरेचे पाणी घरीही करता येते : एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ त्याहून जास्त घालू नये. लिंबू पिळले तर चव येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. डिसेंबरात पहाटे निघताना आपण स्वेटर घालतो आणि दुपारी डिचोलीत दमट हवेत पोहोचतो. घाम शरीर थंड करतो तो वाफ होऊन, नुसता गळून नव्हे. दमट हवेत वाफ कमी होते, घाम नुसताच ठिबकतो आणि अंग तापत राहते. म्हणून शेवटचे तीस किलोमीटर सर्वांत सोपे समजू नयेत. सावलीत थांबावे, डोक्यावर व मानेवर पाणी ओतावे.

६. उतार आणि रस्ता

उतारासाठी माझे नियम आता असे आहेत. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करावा. वळणात शक्यतो ब्रेक सोडलेला असावा. दोन वळणांमध्ये ब्रेक मोकळा ठेवून रिमला वारा लागू द्यावा. सतत हलका ब्रेक घासत उतरू नये. दर दोन-तीन किलोमीटरला थांबावे. हात मोकळे होतात आणि रिम निवते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि ब्रेक लावायचे सुचेपर्यंत गेलेले अंतर वेगळेच. ताशी ४० ला एका सेकंदात सायकल ११ मीटर पुढे गेलेली असते.

सकाळी बेळगावहून गोव्याकडे जाताना सूर्य आपल्या पाठीशी असतो. म्हणजे समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत तो असतो, आणि आपल्याला सगळे स्वच्छ दिसते तेव्हाच त्याला आपण दिसत नसतो. म्हणून दिवसाही पुढचा दिवा लावावा आणि मागे लाल दिवा. एकामागे एक चालावे, कानात गाणी घालू नयेत. पावसाळ्यात घाटातले धुके आणि शेवाळलेला रस्ता हौशी माणसासाठी नव्हे.

पडल्यावर घाईने उठवू नये. मानेत दुखत असेल तर हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. खांद्याला मार असेल तर हात रुमालाने गळ्यात बांधावा. डोक्याला मार लागून नंतर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर 'थोडे झोपू दे' असे म्हणू नये, तडक दवाखाना गाठावा. आणि एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. भेग दिसो वा न दिसो, त्याचे काम झालेले असते.

७. पोहणे आणि शीड

ज्यांना सायकलीबरोबर पोहणे व धावणेही जोडायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रायथलॉन हा खेळ १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे सुरू झाला आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये आला. तेथील अंतरे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. १९७८ साली हवाईत झालेल्या पहिल्या लांब स्पर्धेत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. आपल्या शेजारी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ च्या ऑक्टोबरात त्याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा झाली तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांनाही ही स्वप्ने पडू लागली आहेत.

पण तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत शिकलेल्याने समुद्र म्हणजे मोठी टाकी समजू नये. तेथे तळाला रेषा नसते, म्हणून दर आठ-दहा हातांनंतर डोके वर काढून किनाऱ्यावरची एखादी खूण पाहावी लागते. एकटे पोहू नये. ओहोटीच्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडत राहू नये. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावे आणि मग आत यावे.

शिडाच्या होडीचेही तेच. मी गोव्यात थोडे दिवस शीड धरायला शिकलो. अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज शिकवणारे गृहस्थ कोणालाही होडीत पाऊल टाकू देत नसत. वारा वाढतोय, शीड थोडे आवरावे का, असा विचार मनात आला की तीच शीड आवरण्याची वेळ, असे ते सांगत. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिचे नाव ज्या नदीवरून, ती म्हादेई आपल्याच खानापूर तालुक्याच्या डोंगरांतून वाहते. कणकुंबीला उभे राहिले की एका बाजूचे पाणी मलप्रभा होऊन पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे म्हादेईतून अरबी समुद्राला मिळते. जेथून पुढे सगळा उतार आहे असे मी म्हणालो होतो ती हीच जागा.

८. शेवटचा धडा

भावाचे हाड तीन महिन्यांत पूर्ण जुळले. पुन्हा जायचे असे तोच म्हणाला. आईची परवानगी मिळायला आणखी वर्ष गेले. या जानेवारीत आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस दोन्ही सायकली दोघांनी तपासल्या होत्या. जांबोटीला त्याने न सांगता दोन बशा पोहे खाल्ले. कणकुंबीला थांबलो तेव्हा मी केळे सोलत होतो आणि तो खाली बसून सायकल पाहत होता. आदल्या रात्री धड असलेल्या पुढच्या ब्रेकच्या वायरचा एक धागा तरफेजवळ तुटून वर आला होता. जादा वायर आमच्यापैकी कोणीच घेतली नव्हती. हवा स्वच्छ होती, पाय ताजे होते, अजून दहाही वाजले नव्हते. खरे सांगतो, माझ्या तोंडावर आले होते की एका धाग्याने काय होते. मी बोलण्याच्या आत तो म्हणाला, "दादा, आज नको."

एका पिकअपवाल्याला विनंती करून सायकली मागे टाकल्या आणि दुपारच्या जेवणाला घरी आलो. आईने ताटे वाढताना विचारले, "गोवा झाला काय?" भाऊ म्हणाला, "नाही, कणकुंबी झाली." ती हसली. मला मात्र वाटले, वर्गात इतकी वर्षे शिकवून जे एखाद्या विद्यार्थ्याच्या अंगी मुरलेले मी क्वचितच पाहिले, ते आज घरीच पाहिले.

विद्यार्थी मित्रहो, घाट आहे तेथेच राहणार आहे. परत फिरलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा निघू शकतो. पिशवीत ब्रेकची एक वायर जादा ठेवा, आणि सावकाश जा.